ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेज नेमकं किती चढवायचं?

पहाटेचा_रेंडर (धागाकर्ता)

मंडळी, प्रोसेसर इंटेलचा आय५ १२६००के आहे, वर दोन पंख्यांचा टॉवर कूलर. ब्लेंडरमध्ये रेंडर लावला की सहाही पी-कोअर (जड कामाचे मोठे कोअर) ४.५ गिगाहर्ट्झवर चालतात. ते ५.१ वर न्यायचं मनात आहे. मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकला गुणणारा आकडा) ५१ केला, व्होल्टेज ऑटोवरच ठेवलं. विंडोज सुरू झालं, सिनेबेंच आर२३ ही चाचणीसुद्धा पूर्ण झाली, पण एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हीकोअर (कोअरला मिळणारं व्होल्टेज) १.३८ दिसत होतं आणि तापमान ९७ अंशांपर्यंत गेलं. सगळं परत फॅक्टरी सेटिंगवर आणून ठेवलंय.

शोधाशोध केली तर कुणी म्हणतं १.३० च्या वर जाऊच नका, कुणी म्हणतं १.४५ पर्यंत बिनधास्त. मला एक खात्रीचा आकडा हवा आहे. मशीनवर पोट आहे, प्रोसेसर गमावणं परवडणार नाही. जाणकारांनी सांगावं.

ओहमचा_नियम

आधी ऑटो काढा. मल्टिप्लायर हाताने वाढवला आणि व्होल्टेज ऑटोवर सोडलं की बोर्ड आपल्या अंदाजाने देत सुटतो. तुमची चिप सरस आहे की सुमार, हे त्याला नीट कळत नाही. म्हणून अगदी सुमार चिपही चालू राहील एवढं व्होल्टेज तो देऊन टाकतो. तुमच्या ९७ अंशांचं मूळ बहुधा तिथेच आहे.

आता खात्रीच्या आकड्याबद्दल. असा एकच आकडा नाही आणि जो कुणी छातीठोकपणे सांगेल त्याला आधी विचारा, "कुठल्या चिपवर, किती अँपिअरला, किती तापमानाला?" प्रोसेसर झिजतो तो व्होल्टेज, करंट आणि तापमान या तिघांमुळे मिळून. ब्राउझर उघडताना एका कोअरला क्षणभर १.४० व्होल्ट मिळणं वेगळं आणि रेंडर चालू असताना दीडशे अँपिअर वाहत असताना तासन्‌तास १.४० असणं वेगळं.

आत काय होतं तेही सांगतो, कारण ते कळलं की आकड्यांमागे धावायची गरज राहत नाही. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली इन्सुलेटरचा अतिशय पातळ थर असतो, जाडी मोजायची ती नॅनोमीटरमध्ये. व्होल्टेज वाढलं की त्या थरावरचा ताण वाढतो, त्यात हळूहळू दोष साठत जातात आणि ट्रान्झिस्टर उघडायला लागणारं व्होल्टेज सरकतं. दुसरी झीज तारांची. इलेक्ट्रॉनांचा लोंढा धातूचे अणू ढकलत नेतो, एकीकडे पोकळी होते, दुसरीकडे धातू साठतो. हे इलेक्ट्रोमायग्रेशन. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार तारेचं आयुष्य करंटच्या घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात घटतं. तापमानाचा परिणाम तर त्याहून जोरकस, तो घातांकी आहे. म्हणजे तेच १.३० व्होल्ट ७० अंशांवर आणि ९५ अंशांवर सारखं नाही.

शिवाय व्होल्टेज स्वतःच करंट आणि उष्णता दोन्ही वाढवतं. स्विचिंगला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात असते. १.२० चं १.३५ केलंत तर व्होल्टेज वाढलं साडेबारा टक्के, पण त्याच क्लॉकला वीज वाढली २७ टक्क्यांच्या आसपास. त्यात वर लीकेज (बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणारा करंट), ते तापमानाबरोबर आणखी चढतं.

जुनाजाणता

एवढं घाबरवू नका हो त्यांना. माझा सँडी ब्रिज १.४० व्होल्टवर वर्षानुवर्षं चालला आणि अजूनही एका मशीनमध्ये धडधाकट आहे. १.४० टाका, चांगला कूलर लावा, कामाला लागा.

ओहमचा_नियम

@जुनाजाणता, तुमचा अनुभव खरा आहे, त्यावर शंका नाही. पण सँडी ब्रिज ३२ नॅनोमीटरचा, चार कोअरचा. तिथला आकडा इथे लावता येत नाही. प्रत्येक पिढीत हे झालंय. पेंटियम ४ च्या नॉर्थवुड चिप १.५ व्होल्टच्या आसपास चालायच्या. आधीच्या जाड प्रोसेसची सवय असलेल्या लोकांनी त्यांना १.७ च्या वर नेलं आणि त्या अचानक मरायला लागल्या. इतक्या मेल्या की 'सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम' असं नावच पडलं. तेव्हाही लोक मागच्या चिपचाच आकडा पुढच्या चिपला लावत होते.

२०१९ मध्ये ७ नॅनोमीटरचे रायझन ३००० आले तेव्हा पुन्हा तेच. आधीच्या रायझनवर सगळ्या कोअरना १.३५–१.४० कायमचं देणारे लोक तेच इथे देऊ लागले. काहींना थोड्याच काळात तोच क्लॉक टिकवायला जास्त व्होल्टेज लागायला लागलं.

सोल्डरगन

वरच्या शेवटच्या वाक्याला जोडून. मी मशीन दुरुस्तीचं काम करतो, आणि झिजलेला प्रोसेसर कसा दिसतो याबद्दल लोकांच्या मनात चुकीचं चित्र असतं. धूर येत नाही, वास येत नाही, मशीन बंदही पडत नाही.

एक मशीन आलं होतं. तक्रार काय, तर मोठ्या झिप फाइली उघडताना मधूनच सीआरसी एरर (फाइलचा डेटा जुळत नसल्याचा) येतो, आणि तीच फाइल पुन्हा उघडली तर कधीकधी नीट उघडते. मालकाने एसएसडी बदलून पाहिला होता, रॅमही बदलली होती. गेम, ब्राउझर, ऑफिस सगळं सुरळीत. बायोसमध्ये पाहिलं तर सगळ्या कोअरना फिक्स्ड व्होल्टेज, भरपूर चढवलेलं, आणि लोडलाइन कॅलिब्रेशन (लोडवर व्होल्टेज किती खाली बसू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) सगळ्यात कडक पायरीवर. बायोस डिफॉल्ट केलं तरी एरर येतच राहिले. मल्टिप्लायर फॅक्टरीपेक्षा खाली आणला तेव्हा कुठे थांबले. म्हणजे चिप आता कंपनीने ठरवलेल्या व्होल्टेजला कंपनीचाच क्लॉक धरू शकत नव्हती. त्यावर इलाज नाही.

तेव्हा 'चालतंय ना' एवढ्यावर समाधान मानू नका. डीकम्प्रेशन, कंपाइल, चेकसम ही कामं एक बिट चुकला तरी बोंबलतात. गेममध्ये एक पिक्सेल चुकला तर कुणाला कळतं?

नीलरेघ

मध्येच विचारतो, माफ करा. माझा रायझन ५८००एक्स आहे, काहीही ओव्हरक्लॉक केलेलं नाही. तरी रिकाम्या डेस्कटॉपवर १.४५ च्या आसपास दिसतं. हा धागा वाचून पोटात गोळा आला. काही बिघडलंय का?

ओहमचा_नियम

@नीलरेघ, काहीही बिघडलेलं नाही. हलक्या कामात एक-दोन कोअर क्षणभर पूर्ण बूस्टला जातात, तेव्हा करंट अगदी थोडा असतो, म्हणून एवढं व्होल्टेज चालतं. तुम्ही सिनेबेंच सगळ्या कोअरवर लावा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसव्हीआय२ टीएफएन लिहिलेली कोअर व्होल्टेजची ओळ बघा. प्रोसेसर स्वतःहून बराच खाली उतरलेला दिसेल. करंट आणि तापमान बघून किती व्होल्टेज द्यायचं हे तो सतत ठरवत असतो.

आणि म्हणूनच रायझनवर फिक्स्ड व्होल्टेज टाकायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. फिक्स्ड टाकलं की हा सगळा हिशोब तुम्ही बंद पाडता. तुमच्या ५८००एक्सला पीबीओ (एएमडीची बूस्ट वाढवायची सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज खाली-वर सरकवणारं सेटिंग) आहे. त्यात निगेटिव्ह आकडा टाकायचा, दर अंकाला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. उष्णतेत जागा मोकळी होते आणि बूस्ट आपोआप वर जातो. फक्त तिथे क्रॅश लोडवर न होता मशीन रिकामं असताना होतात, हे ध्यानात ठेवा. रात्रभर प्राइम९५ (प्रोसेसरला ताण देणारी चाचणी) चालला म्हणजे जिंकलात असं नाही.

कमीत_कमी

मला विचाराल तर धागाकर्त्यांनीही तेच करावं, व्होल्टेज चढवण्याऐवजी उतरवून बघावं. आताचे प्रोसेसर कारखान्यातूनच कडेपर्यंत ताणलेले येतात. शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झसाठी जी वीज जाते ती बघून मला तरी वाईट वाटतं.

पहाटेचा_रेंडर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. @कमीत_कमी, मुद्दा पटतो, पण माझे सहा कोअर एकत्र लागले की ४.५ वरच अडकतात. एका कोअरला ४.९ जमतं, तर सगळ्यांना ४.९–५.० जमवायला वाव असावा असं वाटतं.

@ओहमचा_नियम, समजलं की आकडा मागू नये. मग पद्धत सांगा. आणि ते लोडलाइन कॅलिब्रेशन काय प्रकरण आहे? माझ्या बायोसमध्ये आठ पायऱ्या आहेत. एका व्हिडिओत सर्वांत कडक लावा असं सांगितलं होतं.

ओहमचा_नियम

सर्वांत कडक मुळीच लावू नका. हे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात.

बायोसमध्ये टाकलेलं व्होल्टेज आणि लोडवर कोअरला मिळणारं व्होल्टेज एक नसतं. करंट वाढला की व्होल्टेज थोडं खाली बसावं अशी रचना मुद्दाम केलेली असते. समजा लोडलाइन १.१ मिलिओहम आहे आणि १४० अँपिअर वाहतोय. गुणाकार करा, १५४ मिलिव्होल्ट. म्हणजे बायोसमध्ये १.३५ लिहिलं तरी लोडवर १.२० च्या आसपासच उरतं. लोकांना वाटतं की हा दोष आहे आणि कॅलिब्रेशन कडक करून ते ही घट पुसून टाकतात. आता तेच १.३५ सगळ्या कोअरवर, पूर्ण करंटसह बसतं. एक आकडाही न बदलता तुम्ही दीडशे मिलिव्होल्ट चढवलेत.

त्याहून वाईट पुढे आहे. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप हादरतो ना, तसं लोड एकदम सुटला की व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या पातळीच्या वर उसळतं. व्हीआरएम (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारं बोर्डावरचं सर्किट) कितीही चांगला असला तरी त्याला सावरायला काही मायक्रोसेकंद लागतात. लोडवर व्होल्टेज आधीच खाली बसलेलं असेल तर ही उसळी खालून सुरू होते आणि हद्दीत राहते. कडक कॅलिब्रेशनमध्ये ती वरूनच सुरू होते. एचडब्ल्यूइन्फो हे दाखवत नाही, कारण तो साधारण सेकंद-दोन सेकंदांनी एकदा वाचतो. मल्टिमीटरही दाखवत नाही. ऑसिलोस्कोपवरच दिसते. आणि असे लोड रेंडरमध्ये सतत चढत-उतरत असतात.

मधली पायरी घ्या, लोडवर थोडी घट राहू द्या. आणि सांभाळा, पायऱ्यांचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. काही बोर्डांवर ८ सर्वांत कडक, काहींवर १ सर्वांत कडक. दुसऱ्याच्या बोर्डाचा आकडा उचलून आपल्याला लावू नका. शेजारी आलेख दाखवलेला असतो, तो बघा.

आता पद्धत. फॅक्टरी सेटिंगवर सिनेबेंच दहा मिनिटांच्या लूपवर लावा आणि लोडवरचं व्हीकोअर, वॅट आणि तापमान टिपून ठेवा. ही तुमची पायाची नोंद. मग व्होल्टेज अडॅप्टिव्ह किंवा ऑफसेटवर (म्हणजे फिक्स्ड नव्हे, गरजेनुसार बदलणारं) ठेवून मल्टिप्लायर एकेकाने वाढवा, व्होल्टेजला हात न लावता. जिथे घोडं अडेल तिथेच फक्त व्होल्टेज द्या, एका वेळी १० ते १५ मिलिव्होल्ट. पुन्हा चाचणी. पुन्हा नोंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशाने काय झालं कळत नाही.

थांबायचं कुठे? तापमान रोजच्या जड कामात ८५ च्या वर जायला लागलं तर थांबा. आणि आधी शंभर मेगाहर्ट्झला २० मिलिव्होल्ट पुरत होते तिथे आता ५०–६० मागायला लागली, तर चिपने स्वतःच उत्तर दिलं. याच्यापुढे रेघ उभी चढते.

सोल्डरगन

सगळं बरोबर. कामाच्या दोन-तीन गोष्टी माझ्याकडून.

व्होल्टेज टाइप करून एंटर मारल्यावर सेव्ह करण्याआधी आकडा पुन्हा मोठ्याने वाचा. १.२५ च्या जागी १.५२ टाइप होणं सहज शक्य आहे. बऱ्याच बोर्डांवर जास्त आकडा टाकला की त्याचा रंग बदलतो, ती सूचना डोळ्याआड करू नका. तुमच्या बायोसमध्ये 'आयए व्हीआर व्होल्टेज लिमिट' असं काही असेल तर तिथे वरची मर्यादा घालून ठेवा. तो आकडा मिलिव्होल्टमध्ये असतो, म्हणजे १३५० वगैरे. प्रोसेसर मग त्याहून जास्त मागत नाही.

व्हीआरएमचं तापमानही बघा. टॉवर कूलरचा वारा सॉकेटभोवती थोडा तरी लागतो, पण पाण्याचा कूलर लावलेल्या केसमध्ये व्हीआरएमवर कधीकधी वाराच नसतो. प्रोसेसर ७० वर आणि व्हीआरएम ११० वर, असं मी पाहिलंय. आणि सीएमओएस क्लिअर करायचा (बायोसची सेटिंग पुसायचा) जंपर कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला असला तर ऐनवेळी अंधारात चाचपडावं लागतं.

जुनाजाणता

@ओहमचा_नियम, उसळीचं हे गणित मला असं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बोर्डावर कॅलिब्रेशन बऱ्यापैकी सैल होतं, बहुधा म्हणूनच तो इतका टिकला. १.४० सरसकट सुचवणं मागे घेतो.

एक शंका. मधे १३व्या आणि १४व्या पिढीच्या इंटेलचं जे प्रकरण गाजलं, ते तर ओव्हरक्लॉक न करता झालं ना? मग आपण सांभाळून तरी काय उपयोग?

ओहमचा_नियम

उपयोग आहेच. ते प्रकरण आपल्या धाग्याचा मुद्दा ठळक करतं. तिथे प्रोसेसर स्वतःच नको तेवढं व्होल्टेज मागत होता, त्यातही हलक्या कामात आणि रिकामा असताना. इंटेलने त्याला 'व्हीमिन शिफ्ट' म्हटलं. चालायला लागणारं किमान व्होल्टेज वर सरकत जातं, म्हणजे सोल्डरगन यांनी सांगितलेलीच लक्षणं. लोकांना पहिल्यांदा जाणवलं ते गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) उलगडताना, आणि एरर यायचा 'व्हिडिओ मेमरी संपली' असा! ग्राफिक्स कार्डाचा काही संबंध नसताना. ऑगस्ट २०२४ मधल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) १.५५ च्या वरची मागणी छाटली, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेल्या चिप मायक्रोकोडने बऱ्या झाल्या नाहीत. ज्यांच्याकडे त्या पिढ्यांचे के प्रोसेसर आहेत त्यांनी बायोस अपडेट केल्याशिवाय ओव्हरक्लॉकचं नावही काढू नये. धागाकर्त्यांचा बाराव्या पिढीचा, त्यात हे नाही.

रायझनकडेही २०२३ मध्ये असंच झालं. एक्सपो (रॅम वेगाने चालवायचं तयार प्रोफाइल) लावल्यावर काही बोर्ड एसओसीचं (मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) व्होल्टेज फार चढवत होते, काही ७०००एक्स३डी चिप सॉकेटसकट जळल्या. मग एएमडीने १.३० ची मर्यादा घातली. म्हणून सांगतो, फक्त व्हीकोअर बघून भागत नाही. रॅमला एक्सएमपी (इंटेलचं तसंच प्रोफाइल) किंवा एक्सपो लावल्यावर सिस्टम एजंटचं (इंटेलमधल्या तशाच भागाचं) किंवा एसओसीचं व्होल्टेज कितीवर गेलं तेही वाचा.

पहाटेचा_रेंडर (धागाकर्ता)

नोंदी घेऊन आलोय. कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर, व्होल्टेज अडॅप्टिव्ह. सगळे आकडे सिनेबेंचच्या लूपमधले, लोडवरचे.

४.८ आणि ४.९ तर ऑटोपेक्षा कितीतरी कमी व्होल्टेजला आरामात चालले. ५.० ला १.२३ व्होल्ट, १६८ वॅट, ८२ अंश. ५.१ मात्र १.२५ ला निळा पडदा, ०एक्स१०१. १.२७ ला सिनेबेंच झालं, वाय-क्रंचर ही आकडेमोडीची चाचणी पडली. १.२९ ला टिकलं, पण १८८ वॅट आणि ९१ अंश. फायदा? गुणांत जेमतेम दीड टक्का.

म्हणजे शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झला ६० मिलिव्होल्ट आणि वीस वॅट. तुम्ही म्हणालात तशी रेघ इथे उभी झाली. ५.० वर थांबतोय. पहिल्या दिवशीचे १.३८ आठवले की अंगावर काटा येतो, ते त्याच ५.१ साठी बोर्ड देत होता.

दोन प्रश्न राहिले. ५.० च्या पक्केपणाची खात्री कशी करू? आणि सिस्टम एजंट एक्सएमपीनंतर १.२८ दिसतंय, ते चालेल का?

सोल्डरगन

०एक्स१०१ म्हणजे क्लॉक वॉचडॉग टाइमआउट, तो बहुतेक वेळा कोअरला व्होल्टेज कमी पडल्यावरच येतो, त्यामुळे निदान बरोबर केलंत.

पक्केपणासाठी ज्या कामासाठी हे सगळं केलं ते काम लावा. ब्लेंडरचा मोठा सीन रात्रभर. त्याच्या जोडीला वाय-क्रंचर, आणि एखादी अवाढव्य झिप फाइल बनवून पुन्हा पुन्हा उघडून चेकसम ताडून पाहणं. प्राइम९५ चा स्मॉल एफएफटी एव्हीएक्ससकट लावाल तर तापमान रेंडरपेक्षा बरंच वर जाईल. तो थोडा वेळच लावा, तासन्‌तास भाजत ठेवण्यात अर्थ नाही. त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी शोधा. इव्हेंट १९ दिसला तर समजा की चूक झाली होती पण प्रोसेसरने दुरुस्त केली. मशीन पडलं नाही म्हणून ती सोडून देऊ नका, १०–१५ मिलिव्होल्ट वाढवा किंवा क्लॉक एक पायरी खाली घ्या. मी असतो तर कामाच्या मशीनवर दुसरा मार्ग धरला असता.

ओहमचा_नियम

नोंदी सुंदर ठेवल्यात. सिस्टम एजंटचं १.२८ हे बोर्डाने एक्सएमपी बघून स्वतःच चढवलेलं आहे. ते हाताने टप्प्याटप्प्याने खाली आणा, दर वेळी रॅमची चाचणी घेऊन. बऱ्याच रॅमना एवढं लागतच नाही. जिथे एरर दिसेल त्याच्या वर एक-दोन पायऱ्या थांबा.

आणखी एक, ५.० चं प्रोफाइल बायोसमध्ये नावाने सेव्ह करा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी बायोस अपडेट केलंत तर जुनी प्रोफाइल बहुतेक वेळा पुसली जातात. नव्या बायोसमध्ये लोडलाइनचं वागणं बदललेलंही असू शकतं, तेव्हा फोटोतले आकडे जसेच्या तसे भरून मोकळं होऊ नका. भरल्यावर लोडवरचं व्हीकोअर पुन्हा १.२३ च येतंय का, ते आधी पाहा आणि मगच रेंडर लावा.

पहाटेचा_रेंडर (धागाकर्ता)

फोटो काढले. सिस्टम एजंट १.१५ ला रॅमची चाचणी स्वच्छ झाली, १.१० ला एरर आले. १.१८ वर ठेवतोय. रात्रीचा रेंडर लावलाय, उद्या इव्हेंट व्ह्यूअर बघून इथे कळवतो.